प्रवरेच्या कांठानें

अहमदनगर जिल्हा, म्हणजे 2024 पासूनचा अहिल्यानगर जिल्हा, खनिजांच्या नकाशावर पाहूं गेल्यास रिकामाच दिसतो. चांद्याचा कोळसा येथें नाहीं, गोमंतकाचें लोखंड नाहीं. काळा कातळ, काळी माती आणि नदीच्या पात्रांतील वाळू, एवढेंच काय तें येथलें भूधन. तथापि भूमीच्या धनापासून टिकाऊ उत्कर्ष कसा साधतो व तो हातचा कसा जातो, हें एकाच ठिकाणीं पाहावयाचें असेल, तर जिज्ञासु वाचकानें एकदां प्रवरेच्या कांठानें प्रवास करावा.

रतनगडाच्या कुशींत उगम पावलेली ही नदी भंडारदऱ्यास अडविली आहे. 1910 सालीं आरंभिलेलें तेथील धरण 1926 सालीं पुरें झालें. त्यांत सुमारें 11 अब्ज घनफूट पाणी साठतें. रंधा धबधब्याची शोभा पाहून अकोलें व संगमनेर मागें टाकलें, कीं ओझरचा बंधारा लागतो. येथून कालवे निघतात आणि भोंवतालचा उजाड माळ उंसानें हिरवा होतो.

ह्या पाण्यावर प्रथम उभी राहिली ती हरेगांवची बेलापूर कंपनी. ऊंस व श्रम येथले, परंतु मालकी दूरच्या भांडवलाची. तो कारखाना आज बंद आहे. लोणीस मात्र विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या प्रयत्नानें शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना निघाला आणि 1950 सालीं तेथें गाळप सुरू झालें. ऊंस पिकविणाराच तेथें भागीदार झाला. कच्चा माल बाहेर न जातां त्याची साखर गांवींच होऊं लागली. पुढें त्याच परिसरांत शाळा, महाविद्यालयें व रुग्णालय उभें राहिलें. अर्थात् हें चित्र निर्दोष नव्हे. पाण्याच्या अतिरेकानें कालव्याखालील कित्येक उत्तम जमिनी चोपण होऊन बसल्या.

आतां नदीच्या पात्रांत उतरूं. वाळू ही कोणास क्षुल्लक वस्तु वाटेल. परंतु घरबांधणीचा सारा डोलारा तिच्यावर उभा असतो. शिवाय ती पाणी धरून ठेवते व कांठच्या विहिरींस पोंचविते. पात्र खरवडून खोल केलें, कीं पाणी वाहून जातें, विहिरी आटतात आणि पुलांचे पाये उघडे पडतात. त्यांतच धरणानें वरून येणारा गाळ व वाळू अडविली असल्यामुळें, उचललेली वाळू लौकर भरून येत नाहीं. अशी वाळू म्हणजे वाडवडिलांनीं ठेवलेलें मुद्दलच होय.

सरकारनें 2023 सालीं ग्राहकांस 600 रुपये ब्रास ह्या दरानें वाळू देण्याचें धोरण आंखलें. 2025 सालीं तें बदलून पुन्हां लिलावाचा मार्ग धरला. परंतु दर कोणताही असो, मुद्दल विकून आलेला पैसा कोठें जातो, हाच खरा प्रश्न आहे. नॉर्वे देशानें 1990 सालीं कायदा करून समुद्रांतील तेलाच्या उत्पन्नाचा निधि उभारला आणि पुढील पिढ्यांसाठीं तो राखला. आपल्याकडेही 2015 सालीं खाणकायद्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठानांची तरतूद झाली आहे. कातळ दळून केलेली कृत्रिम वाळू वापरावी, नदींतून पुरानें आणलें तेवढेंच मोजून उचलावें आणि स्वामित्वधनाचा वाटा नदीकांठच्या गांवांच्या विहिरी, बंधारे व शाळा ह्यांवर खर्चावा. हें जमलें, तर लोणीचा धडा पात्रांतही गिरविल्यासारखें होईल.

पुढें नेवासें लागतें. शके 1212 मध्यें ज्ञानदेवांनीं गीतेवरील आपली टीका येथेंच सांगितली. तेथून थोड्याच अंतरावर प्रवरासंगमास ही नदी गोदावरीस मिळते. घाटावर उभें राहिलें, म्हणजे भंडारदऱ्यापासून येथपर्यंत पाहिलेलें सारें मनांत एकत्र येतें. जाणत्या गृहिणीस मुद्दल व व्याज ह्यांतील भेद कोणी शिकवावा लागत नाहीं. घरांत पाळला जाणारा तो नियम गांवानें नदीच्या बाबतींत पाळावा, एवढेंच मागणें आहे.