कळीच्या चुन्यातला जाळ

काल बोर्डोसाठी चुना भिजवत होतो. पोराने घाईत कळीच्या चुन्यावर तांब्याभर पाणी ओतलं. खदखदून उकळी आली अन् शिंतोडा डोळ्यात उडाला. लगेच स्वच्छ पाण्याने वीस मिनिटं डोळा धुतला, डॉक्टरला दाखवला. डोळा वाचला.

मंडळी, खाली जाळ नसताना ही उष्णता आली कुठून? चुनखडी भट्टीत साधारण 900 अंशांवर भाजताना तिने घेतलेली. पाणी मिळताच त्यातली काही चुना परत देतो. युरियाचं उलटं. विरघळताना तो पाण्यातली उष्णता ओढून घेतो, म्हणून बादली गार लागते.

तेव्हा आधी भरपूर पाणी, मग चुना थोडा थोडा. डोळ्यावर चष्मा लावा, पातळ प्लॅस्टिकची बादली नको. अन् चुना पूर्ण गार झाल्यावरच मोरचुदाशी गाठ घाला.