तीन रुपये बारा आणे सहा पै

डीबीएफ फाइलमधली नोंद काढून टाकली तरी ती लगेच जात नाही. डीबेस आणि फॉक्सप्रोच्या काळातली ही फाइल प्रत्येक नोंदीच्या आधी एका अक्षराची जागा राखून ठेवते. नोंद रद्द केली की त्या जागी तारा उमटतो, एवढंच. कुणी ‘पॅक’ ही आज्ञा देईपर्यंत सगळा मजकूर जिथल्या तिथे असतो. जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या पुस्तकयाद्या नव्या प्रणालीत नेऊन देणं हा माझा व्यवसाय आहे, आणि फाइल हाती आली की आधी मी हे तारे मोजते.

ते महत्त्वाचे का? एखादं सॉफ्टवेअर तारांकित नोंदी गुपचूप गाळतं, एखादं त्यांना चालू नोंदींमध्ये आणून बसवतं. दोन्ही चूक. ग्रंथालयात तारा म्हणजे बाद केलेलं पुस्तक: वाळवी लागलेलं, पुरात भिजलेलं, किंवा वाचकाकडून परत न आलेलं. दाखल क्रमांक एकदा दिला की तो दुसऱ्या पुस्तकाला द्यायचा नाही, हा दाखल नोंदवहीचा जुना दंडक आहे. उद्या तपासणीला आलेल्या माणसाने ‘मधला हा क्रमांक कुठे गेला?’ असं विचारलं, तर उत्तर त्या रद्द नोंदीतच असतं. म्हणून मी त्या सगळ्या आणते, ‘स्थिती’ नावाचा नवा रकाना करते आणि त्यात ‘बाद’ लिहिते.

व्हिज्युअल फॉक्सप्रोचा अधिकृत आधार जानेवारी २०१५ मध्ये संपला. ॲक्सेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या २०१३ च्या आवृत्तीतून डीबेस फाइली उचलण्याची सोयच काढली होती, ती नंतर परत आली. दरम्यान कित्येकांनी लिबरऑफिस धरलं. ते या फाइली आजही सरळ उघडतं. मी अजून ॲक्सेसमध्येच काम करते. दोन गिगाबाइटची मर्यादा तालुक्याच्या ग्रंथालयाला आयुष्यात पुरते, आणि टेबल, क्वेरी, फॉर्म सगळं एकाच खिडकीत समोर राहतं.

इम्पोर्ट करताना मी एक गोष्ट कटाक्षाने पाळते. पहिल्या फेरीत प्रत्येक रकाना मजकूर म्हणूनच घ्यायचा. आकडा असो, तारीख असो, सगळा मजकूर. विझार्ड नमुन्यादाखल काही ओळी बघून रकान्याचा प्रकार सुचवतो. ती सूचना मी स्वीकारत नाही. कारण किमतीच्या रकान्यात ‘३-१२-६’ असतं. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. त्याआधी घेतलेल्या पुस्तकाची ही किंमत आहे, तीन रुपये बारा आणे सहा पै. हीच यादी कुणी एक्सेलमध्ये उघडली की तिथे ३ डिसेंबर २००६ ही तारीख उभी राहते. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर १२ मार्च २००६. आण्यांच्या जागी तेरा, चौदा किंवा पंधरा असेल तर तेवढा महिना नसल्यामुळे काही ठिकाणी मजकूर तसाच राहतो. मग एकाच रकान्यात काही तारखा, काही किमती, आणि त्यातली कुठली खरी हे सांगायला पुढच्या माणसाजवळ काहीच उरत नाही. मी किमतीचे दोन रकाने ठेवते: एकात मूळ लिखाण जसंच्या तसं, दुसऱ्यात सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैंचा आणा धरून काढलेला दशांश, ३.७८. मूळ रकाना काढून टाका असं कुणी सुचवलं तर मी ऐकत नाही.

किमतीत शून्यही असतं आणि रिकामी जागाही. एका गावातल्या ग्रंथालयात निवृत्त लेखनिकांना मी विचारलं होतं, “काका, या पुस्तकांची किंमत शून्य कशी?”

“भेट आलेली आहेत ती, ताई. भेटीला किंमत लावायची नाही, असं तेव्हाच्या कार्यवाहांनी सांगून ठेवलं होतं.”

“आणि जिथे काहीच नाही?”

“तिथे बिल सापडलं नव्हतं. सापडलं की भरू म्हटलं, ते राहिलं.”

म्हणजे शून्य हा निर्णय आणि रिकामी जागा ही थकबाकी. इम्पोर्टमध्ये रिकाम्या जागा शून्य झाल्या असत्या तर देणगीदारांची सगळी पुस्तकं बिल न मिळालेल्या पुस्तकांत मिसळली असती. असे प्रश्न कुठल्याही सॉफ्टवेअरच्या मदतपुस्तिकेत सुटत नाहीत. त्यासाठी नोंदी भरणारा माणूस गाठावा लागतो, आणि तो हयात आहे तोवर गाठावा लागतो. कामाचे पैसे ठरवताना या गप्पांचे तास मी आधीच धरते.

सर्वांत जास्त वेळ खातं ते जुन्या फॉन्टमधलं मराठी. त्या फाइलीत देवनागरी नसतेच. असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, आणि विशिष्ट फॉन्ट लावला की ती मराठी दिसतात. फॉन्ट गेला की हजारो पुस्तकांची नावं चिन्हांचा ढीग होऊन पडतात. युनिकोडात नेताना नुसतं अक्षराला अक्षर लावून भागत नाही. फॉन्टमध्ये पहिली वेलांटी दिसते तशी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, युनिकोडात ती व्यंजनानंतर हवी. रफार फॉन्टमध्ये अक्षरानंतर येतो, युनिकोडात त्याचा र अक्षराच्या आधी जातो. हे परिवर्तकाला जमतं. त्याला जमत नाही ते वेगळंच: त्याच रकान्यात मध्येच एखादं इंग्रजी पुस्तक असतं, आणि त्याच्या अस्सल इंग्रजी नावाचंही तो निरर्थक मराठी करून टाकतो. म्हणून भाषेप्रमाणे नोंदी आधी वेगळ्या काढायच्या. शिवाय नावाच्या रकान्याला तेव्हा चाळीसच जागा दिलेल्या असल्या, तर लांब नाव मध्येच तुटतं, कधी कधी वेलांटी शिल्लक आणि व्यंजन गायब. तिथे कपाटापाशी जाऊन पुस्तकाचं मुखपृष्ठ बघण्याला पर्याय नाही.

रूपांतर झाल्यावरही शोध लागेलच असं नाही. ‘वाऱ्यावरची वरात’ यातला ऱ्या युनिकोडात तीन प्रकारे लिहिलेला सापडतो: स्वतंत्र ऱ वापरून, र खाली नुक्ता देऊन, किंवा र ला हलन्त आणि मागे न दिसणारं जोडचिन्ह लावून. पडद्यावर तिन्ही सारखे, डेटाबेसच्या लेखी तीन वेगळे शब्द. पहिले दोन युनिकोडच्या प्रमाणित रूपात एक होतात, तिसरा आपण बदलावा लागतो. ॲ हे अक्षर युनिकोडात २००८ साली आलं. त्याआधीच्या नोंदींत त्या जागी ऍ असतं. वाचकाने शब्द बरोबर टाइप करूनही पुस्तक ‘नाही’ म्हणून उत्तर मिळालं तर तो अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं. म्हणून या बदलांची क्वेरी मी हातची ठेवलेली आहे.

सनांसाठी उपाय सोपा. प्रकाशनवर्षाप्रमाणे लावून दोन्ही टोकं बघायची. १८१० असं वर्ष वर आलं की ते बहुधा शके असतं, अठ्ठ्याहत्तर मिळवले की १८८८. इसवी १८१० साली मराठीत छापलेली पुस्तकं बोटांवर मोजण्याइतकी होती. शंका उरलीच तर शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची उघडते. १८०० ते १९३७ पर्यंतचे ग्रंथ त्यांनी संगणकाविना नोंदवून ठेवले आहेत. लेखकांच्या बाबतीत मी एकीकरण टाळते. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर ही नावं एका क्रमांकाने जोडते, पण नोंदीत मुखपृष्ठावरचंच नाव राहू देते. कवितासंग्रह शोधणारा वाचक कुसुमाग्रज म्हणूनच येतो.

एक्सपोर्ट मात्र झटपट होतो. यूटीएफ-८ मधली सीएसव्ही, कोहासारख्या ग्रंथालय-प्रणालीसाठी ग्रंथनोंदींची मार्क फाइल, आणि मूळ डीबीएफची हात न लावलेली प्रत. ती सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून पुन्हा जतन करू नका, हे मी लिहून देते, कारण तेरा अंकी आयएसबीएन तिथे घातांकाच्या रूपात आखडतो आणि तसाच साठवला जातो. आधी आणि नंतर तीन गोष्टी जुळवते: एकूण नोंदी, किमतींची बेरीज, सर्वांत मोठा दाखल क्रमांक.

मग कपाटांपाशी. यादीतून काही नोंदी उचलून मी पुस्तकं शोधते, आणि ग्रंथपाल बाई उलट्या बाजूने कपाटातून कुठलीही पुस्तकं काढून त्यांचे क्रमांक मला सांगतात. या दुसऱ्या फेरीत कधीच नोंदली न गेलेली पुस्तकं हाती लागतात: नोंदवहीत शाईने लिहिलेली, पहिल्या पानावर शिक्का असलेली, फाइलमध्ये मात्र नसलेली. ती आम्ही दोघी बसून हाताने भरतो, आणि किंमत आण्यांत असेल तर आण्यांतच लिहितो.