चुन्याची निवळी

जर्मनीत नोकरी करणाऱ्या मुलाकडे साताऱ्याहून आई तीन महिन्यांसाठी गेली, तेव्हा दिवाणखान्यात ३०० लिटर खारे पाणी भरलेली काचेची टाकी होती. मासे दोनच. बाकी सगळे प्रवाळ, दगडासारखे दिसणारे पण जिवंत.

"यांना समुद्रातून ओरबाडून आणलंस?" आईने पहिल्याच दिवशी विचारले. प्रश्न रास्तच होता. आपल्याकडे २००१ पासून कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत आहेत. मुलगा म्हणाला, "नाही गं, एका मित्राने फांदी तोडून दिली. जास्वंदीसारखी लावली की वाढते." आईचे पुरते समाधान झाले नाही.

पुढच्याच महिन्यात मुलाला दहा दिवस परगावी जावे लागले. सुनेच्या रुग्णालयात रात्रपाळ्या. टाकी आईकडे आली. मुलाने समजावले, पाणी उडते पण मीठ मागे राहते. म्हणून रेघेखाली गेलेले पाणी बिनमिठाच्या पाण्यानेच भरायचे, नाहीतर खारटपणा वाढतो. प्रवाळ आपला सांगाडा पाण्यातल्या चुन्यातून बांधतात, त्यामुळे पाण्यातला चुना रोज कमी होतो. तो भरून काढायला रात्री नळीतून थेंब थेंब 'काल्कवासर' सोडायचे.

आईने बरणीत डोकावून पाहिले. तळाशी पांढरा साका, वर स्वच्छ पाणी. "अरे, ही तर चुन्याची निवळी!" लहान मुलांच्या पोटासाठी घरोघरी करत ती. काल्कवासर या जर्मन शब्दाचा अर्थही तोच, चुन्याचे पाणी.

एक दिवसाआड तपासणी असे. पाच मिलिलिटर पाण्यात औषधाचे थेंब मोजत टाकायचे, निळा रंग पिवळा होईपर्यंत. आठ थेंब लागले की ठीक. पाचव्या दिवशी सहातच पाणी पिवळे झाले. आईने नळी उचलून पाहिली, तर तोंडाशी चुन्याची खपली धरलेली. दोन रात्री निवळी गेलीच नव्हती. रेघेखाली गेलेले पाणी मात्र ती सकाळी साध्या पाण्याने भरत होती, म्हणून काही लक्षात आले नव्हते.

तिने नळी व्हिनेगरमध्ये बुडवून मोकळी केली, धुतली आणि फोन केला. मुलगा घाबरलाच.

"आई, एकदम ओतू नकोस हं!"

"एकदम कोण ओततं? तुला काय वाटीनं पाजली होती?"

भीती खोटी नव्हती. निवळी फार तीव्र असते; कमतरता एका फटक्यात भरली तर पाणी असे बदलते की जगू पाहणारे प्रवाळच जळतात. रात्रीच सोडायची, कारण अंधारात टाकीतला कार्बन डायऑक्साइड वाढून पाणी आम्लतेकडे झुकते आणि चुना त्याला आवरतो. आईने रोजच्यापेक्षा किंचितच जलद थेंब ठेवले, आणि रात्री दोनदा उठून पाहिले.

मुलगा परतला तेव्हा स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर आकडे लिहिलेले होते : ८, ८, ६, मग ६, ७, ७, ८. शेवटी ती रोजच तपासत होती. एका फांदीचे टोक मात्र पांढरे पडले होते. बॅग खाली ठेवायच्या आतच आईने ते त्याला दाखवले.