‘हस ना’ न म्हणता

रविवार. सकाळी लेकीला घेऊन इंद्रायणीच्या घाटावर. ऊन डोक्यावर यायच्या आत फोटो उरकायचे. नंतर डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात आणि पोरगी डोळे बारीक करते. घाटाचा एक फायदा आहे. दोन पायऱ्या खाली उतरलं की कॅमेरा आपसूक तिच्या डोळ्यांच्या उंचीला येतो. मोठ्यांनी उभ्याने काढलेल्या फोटोंत मुलांची नुसती टाळूच दिसते. शटर १/५०० सेकंदावर, कारण ती एका जागी थांबणार नाहीच.

‘हस ना’ म्हणणं मी सोडलंय. सांगून आणलेलं हसू दातांपुरतं असतं. ती टाळ घेऊन निघालेल्या वारकरी पोरांकडे टक लावून बघत होती, तेव्हा चार-पाच क्लिक केले.

दादासाहेब फाळक्यांनी १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये स्वतःच्या लेकीला, मंदाकिनीला कृष्ण केलं. कथा सुरू होण्याआधी पडद्यावर तिचा चेहरा येतो, एकामागून एक भाव बदलत. बाप कॅमेऱ्यामागे असल्याशिवाय एवढी मोकळीक येत नसावी, असं आपलं मला वाटतं.

नदीवर आज पुन्हा सांडपाण्याचा पांढरा फेस. ‘आई, ढग!’ तिला पाण्यापासून लांब ठेवलं, पण फेस फ्रेमबाहेर काढला नाही. तिच्या लहानपणची नदी हीच.

आजीला फोटो पाठवले. उत्तर आलं: ‘आधी केस तरी विंचरायचे!’