उतरती कळा कोणत्या वर्षी लागली?



“पूर्वीचे आता राहिले नाही” हे वाक्य ज्या घरात कधीच उच्चारले जात नाही, असे घर आपल्या समाजात सापडणे कठीण. कीर्तन असो, मेंदीची रात्र असो, मलिद्याचे ताट असो वा मुलांचे मराठी असो, वडीलधाऱ्यांच्या मते या प्रत्येकाचा उत्तम काळ होऊन गेलेला असतो. परंतु हे वाक्य केवळ वृद्धांच्याच तोंडी असते असे नाही. अमेरिकेत वाढलेली आपली मुले एका व्यंगचित्र मालिकेविषयी हेच वाक्य गेली पंचवीसहून अधिक वर्षे म्हणत आली आहेत, आणि तिच्या अधोगतीला नेमका कोणत्या वर्षी आरंभ झाला यावर तावातावाने भांडत आहेत. वरवर पोरकट वाटणाऱ्या या वादात विचार करण्याजोगे बरेच काही आहे, असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देणे अगत्याचे आहे. ‘द सिम्पसन्स’ ही मॅट ग्रेनिंग या व्यंगचित्रकाराची निर्मिती. १९ एप्रिल १९८७ पासून ट्रेसी उलमन या नटीच्या कार्यक्रमात दाखविल्या जाणाऱ्या छोट्या चित्रफितींच्या रूपाने ती प्रथम आली आणि १७ डिसेंबर १९८९ पासून फॉक्स वाहिनीवर अर्ध्या तासाची स्वतंत्र मालिका झाली. स्प्रिंगफील्ड नावाचे काल्पनिक गाव. तेथील अणुवीज केंद्रात नोकरी करणारा आळशी होमर, त्याची सोशिक पत्नी मार्ज, दहा वर्षांचा खोडकर बार्ट, आठ वर्षांची बुद्धिमान लिसा आणि तान्ही मॅगी, एवढा हा संसार. जानेवारी १९९२ मध्ये अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी, अमेरिकन कुटुंबे या सिम्पसनांसारखी नसावीत, असे जाहीर भाषणात सांगितले. आणि १९९९ च्या अखेरीस ‘टाइम’ साप्ताहिकाने हिलाच विसाव्या शतकातील सर्वोत्कृष्ट दूरचित्रवाणी मालिका ठरविले. २९ एप्रिल २०१८ रोजी तिने ‘गनस्मोक’ या जुन्या मालिकेचा ६३५ भागांचा विक्रम मागे टाकला. २०२५ साली तिच्या आणखी चार पर्वांची घोषणा झाली. इतके दीर्घ आयुष्य लाभलेल्या गोष्टीविषयी “ती बिघडली केव्हा?” हा प्रश्न निघणे स्वाभाविकच आहे.

आमच्या घरी हा वाद हनुक्काच्या आठवड्यात हमखास रंगतो. माझा भाचा १९८८ साली, आठ वर्षांचा असताना, आईवडिलांबरोबर मुंबईहून या देशी आला. त्याचा निकाल ठाम आहे : पहिली आठ पर्वे सोन्याची, पुढचे सारे पितळ. “मावशी, १९९७ नंतरचा एकही भाग तू पाहिला नाहीस तरी तुझे काही बिघडणार नाही,” असे तो मला सांगतो. माझी कन्या १९९४ ची, येथेच जन्मलेली. तिच्या मते खरी घसरण २००७ च्या जुलैमध्ये मालिकेवरील चित्रपट आल्यानंतरची. त्यापूर्वीचे सर्व उत्तम. आणि माझ्या वर्गातील मुलांना विचारावे तर ती म्हणतात, “बाई, बिघडले कुठे? छानच तर आहे!”

चाळीसच्या आतबाहेर वर्षे अध्यापनात घालविलेल्या माणसाला ही उत्तरे ऐकून प्रथम तारखा दिसत नाहीत, वये दिसतात, असे माझ्या एका सहकारी बाई म्हणत. तसेच माझे झाले. भाच्याच्या सुवर्णकाळात तो नऊ ते सतरा वर्षांचा होता. कन्येच्या सुवर्णकाळाचा शेवट तिच्या तेराव्या वर्षी झाला. ज्याचे बालपण जेथे संपले तेथेच त्याची मालिकाही संपली. भारतातही ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ या २००८ साली सुरू झालेल्या मालिकेविषयी हाच वाद ऐकू येतो, आणि तेथेही दयाबेनचे काम करणारी नटी २०१७ साली दिसेनाशी झाली हे कारण सांगणारे पुष्कळ भेटतात.

मग अधोगती हा केवळ स्मृतीचा खेळ म्हणावयाचा काय? मला तसे वाटत नाही. मुंबईच्या अध्यापक विद्यालयात आम्हांला सराव पाठांचे निरीक्षण करावयास शिकविले होते. “पाठ चांगला झाला” किंवा “पाठ फसला” असा शेरा लिहिण्यास आम्हांला मनाई असे. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन यांपैकी कोणत्या पायरीवर पाठ घसरला आणि का, हे निरीक्षण वहीत लिहावे लागे. तीच रीत येथे लावून पाहू.

पहिला पाठ २५ एप्रिल १९९१ चा. लिसाच्या वर्गावर काही दिवसांसाठी बर्गस्ट्रॉम नावाचे बदली शिक्षक येतात. ते ज्यू आहेत. गुराख्याच्या वेषात वर्गात शिरून ते मुलांना इतिहास शिकवितात आणि ज्यू गुराखीही होऊन गेले हे हसतहसत सांगतात. त्यांना आवाज दिला होता डस्टिन हॉफमन यांनी, पण श्रेयनामावलीत नाव छापले ‘सॅम एटिक’. जोडून उच्चारल्यास ‘सेमिटिक’ ऐकू येते. शिक्षक जावयास निघतात तेव्हा लिसा आगगाडीच्या फलाटावर त्यांना विचारते की आता माझे कसे होणार. ते तिच्या हाती एक चिठ्ठी देतात; तीत “तू लिसा सिम्पसन आहेस” एवढेच लिहिलेले असते. आत्मविश्वास जागविण्याचा याहून नेमका पाठ मी पाहिलेला नाही. शिवाय त्याच भागात, मुलीचे दुःख न कळणारा मंदबुद्धी बाप अखेरीस आपल्या परीने तिची समजूत घालतो. विनोद भरपूर आहे, परंतु एकाही पात्राचा मान गेलेला नाही.

दुसरा पाठ २८ सप्टेंबर १९९७ चा. वाद घालणाऱ्यांपैकी निम्मे लोक याच तारखेवर बोट ठेवतात. त्यात शाळेचे मुख्याध्यापक स्किनर हे मुळी स्किनर नव्हेतच, दुसऱ्याचे नाव घेऊन वावरणारे तोतया आहेत, असे उघडकीस येते आणि शेवटी न्यायाधीश हुकूम काढतात की हा विषय पुन्हा कोणी काढावयाचा नाही. आठ वर्षे ज्या माणसाची ओळख प्रेक्षकांनी करून घेतली तो एका थट्टेसाठी खोटा ठरला. स्किनरचा आवाज काढणारे नट हॅरी शिअरर यांनीही या कथेविषयी उघड नाराजी व्यक्त केली. माझ्या निरीक्षण वहीत मी लिहीन : विषयविवेचन चमकदार, परंतु पूर्वज्ञानाचा आधार काढून घेतल्यामुळे पाठ कोसळला.

याची कारणेही शोधता येतात. आरंभीच्या घडणीत मोठा वाटा असलेले सॅम सायमन १९९३ मध्ये दूर झाले. त्याच वर्षी कोनन ओब्रायन हे लेखक आपल्या स्वतंत्र कार्यक्रमासाठी गेले. १९९७ मध्ये मालिकेची सूत्रे ओकली आणि वाइन्स्टाइन या जोडीकडून माइक स्कली यांच्याकडे आली. चाहते बहुधा स्कलींना दोष देतात. पण वर सांगितलेला मुख्याध्यापकांचा भाग आधीच्याच जोडीच्या देखरेखीखाली तयार झाला होता. मे १९९८ मध्ये फिल हार्टमन या गुणी नटाची हत्या झाली आणि त्याची दोन पात्रे त्याच्याबरोबरच निवृत्त केली गेली. याशिवाय एक अडचण मुळातली आहे : या गावात कोणाचे वय वाढत नाही. १९९१ च्या एका भागात होमर आणि मार्ज १९७४ साली शाळेत भेटल्याचे दाखविले होते. २००८ च्या भागात त्यांचे तारुण्य १९९० नंतरच्या दशकात नेऊन ठेवावे लागले. ज्या आईबापांचा भूतकाळ असा सरकत राहतो, त्यांच्यावर प्रेक्षकाने जीव कसा जडवावा?

तेव्हा गुणपत्रिकेपुरते माझे मत भाच्याच्या बाजूला झुकते. परंतु त्याच्या सुवर्णकाळाची दुसरी बाजू त्यालाच सर्वांत अधिक ठाऊक आहे. २५ फेब्रुवारी १९९० पासून या मालिकेत अपू नावाचा भारतीय दुकानदार आला. त्याचे लांबलचक आडनाव आणि त्याचे ओढूनताणून काढलेले उच्चार यांवर सारा देश हसला. त्या काळी अमेरिकन दूरचित्रवाणीवर आपल्यासारखा दिसणारा दुसरा माणूस जवळजवळ नव्हताच. भाच्याच्या वर्गातील मुले त्याला अपू म्हणूनच हाक मारीत. तो घरी येऊन आरशासमोर आपले इंग्रजी उच्चार घासूनपुसून स्वच्छ करी, आणि माझ्या बहिणीने चारचौघांत मराठीत हाक मारली की मान खाली घाली. ती मान काही वर्षे वर आली नाही. त्याचे मराठी तेव्हा जे तुटले ते अद्याप पुरते जुळलेले नाही.

क्वीन्समध्ये जन्मलेले विनोदकार हरी कोंडाबोलू यांनी २०१७ मध्ये याच विषयावर माहितीपट काढला तेव्हा अनेक चाहते रागावले. २०२० च्या जानेवारीत हँक अझारिया यांनी आपण अपूचा आवाज यापुढे देणार नसल्याचे सांगितले, आणि पुढे जाहीर क्षमाही मागितली. हे अझारिया सेफार्दी ज्यू, त्यांचे पूर्वज सॅलोनिका शहरातले. आपण बेने इस्राएल या प्रकरणात दोन्ही बाजूंना उभे आहोत. थट्टा करणारा आपला धर्मबांधव आणि जिची थट्टा झाली ती आपली मातृभूमी.

मी एकदा भाच्याला विचारले, “ज्या वर्षांनी तुला इतके छळले, तीच वर्षे तुला सोन्याची कशी वाटतात?” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मावशी, नागरिकत्वाचा भाग आठव.” तो भाग ५ मे १९९६ चा. कॅलिफोर्नियाने १९९४ मध्ये परकीयांविरुद्ध कायदा संमत केला होता, त्याचे प्रतिबिंब त्यात आहे. गावातून हाकलले जाण्याची पाळी आलेला अपू खोटी कागदपत्रे मिळवून अमेरिकन असल्याचे सोंग आणतो आणि गणपतीच्या मूर्तीसमोर त्याला त्या सोंगाची लाज वाटते. शेवटी तो परीक्षा देऊन रीतसर नागरिक होतो. यादवी युद्धाची कारणे तो इतकी सविस्तर सांगू लागतो की परीक्षकालाच त्याला आवरावे लागते. “त्याच वर्षी बाबा रात्री स्वयंपाकघरात बसून तीच प्रश्नोत्तरे पाठ करीत होते,” भाचा म्हणाला. “वर्गात मला चिडविणाऱ्या मुलांनीही तो भाग पाहिला होता. दुसऱ्या दिवशी कोणी काही बोलले नाही.”

या उत्तराने मला जे दिले ते कोणत्याही समीक्षेने दिले नसते. एकाच मालिकेने, एकाच पात्राच्या द्वारे, एका मुलाला दुखविलेही आणि सावरलेही. ज्याला आपण सुवर्णकाळ म्हणतो त्यात खोटही असते. तिच्यासकट ज्याला तो काळ प्रिय आहे, त्याच्या प्रेमाला मी भाबडे म्हणणार नाही.

याउलट, उतरत्या काळातही कधी हाती काही लागते. क्रस्टी नावाचा विदूषक आणि त्याचे रब्बी वडील यांची कथा पाहा. २४ ऑक्टोबर १९९१ च्या भागात, मुलगा विदूषक झाला म्हणून त्याला टाकणारे वडील अखेर त्याला जवळ घेतात. या वडिलांचा आवाज जॅकी मेसन यांचा. ते स्वतः दीक्षित रब्बी असून ते पद सोडून विनोदकार झाले होते. या कामासाठी त्यांना १९९२ चा एमी पुरस्कार मिळाला. ७ डिसेंबर २००३ च्या भागात क्रस्टीचा उशिरा का होईना बार मित्झ्वा होतो. २८ सप्टेंबर २०१४ च्या भागात वडील मरण पावतात, आणि आपल्या विनोदावर ते हसत होते हे मुलाला मागाहून, आडवाटेने कळते. या शेवटच्या भागाची आधी एवढी जाहिरात झाली होती की चाहत्यांची निराशा झाली. त्याला पहिल्या भागाइतके गुण मीही देणार नाही. परंतु माझे वडील त्याआधी दोनच वर्षांपूर्वी वारले होते. ते कधी कोणाची तोंडावर स्तुती करीत नसत. माझी शाळेतील पत्रे त्यांनी बांधून जपून ठेवली होती, हे मला त्यांची पेटी उघडल्यावर कळले. तो सुमार भाग मी उठून न जाता शेवटपर्यंत पाहिला.

म्हणून वाचकहो, माझी सूचना एवढीच. यापुढे आपल्या घरी कोणी “पूर्वीचे राहिले नाही” असे म्हणाले, मग ते मालिकेविषयी असो वा कीर्तनाविषयी, तर त्यांना थांबवू नका आणि लगेच होकारही देऊ नका. कोणता भाग, कोणते वर्ष, कोणती पायरी घसरली, हे विचारा. त्या वर्षी तुमचे वय काय होते, आणि त्याच वर्षी घरात कोणाचे डोळे ओले होते, हेही विचारा. माझ्या भाच्याने हे सारे मला सांगितले ते बहुतांशी इंग्रजीत. परंतु “बाबा प्रश्नोत्तरे पाठ करीत होते” हे वाक्य मात्र तो मराठीत बोलला.