पिकअप उंच करावी की बुटकी?

जुन्या घरावर माळा चढवावा की मागे पडवी काढावी, यावरून कुटुंबात दोन तट पडलेले आपण पुष्कळदा पाहतो. तंजावरच्या एका मराठी घरात असेच दोन तट पडले ते एका जुन्या पिकअप गाडीवरून. मुलाचे म्हणणे, गाडी तीन इंच उचलायची आणि मोठे टायर घालायचे. पुण्याला दिलेल्या मुलीचे म्हणणे अगदी उलट, गाडी तीन इंच खाली बसवायची. गाडीचे मालक अप्पा, वय वर्षे अडुसष्ट. ते दोघांचेही ऐकून घेत आणि संध्याकाळी अंगणात जाऊन बॉनेटवर हात ठेवून नुसते उभे राहत.

एकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावरची गादी घेतली आणि १८५५ मध्ये ते राज्य संपले; पण त्यांच्या मागोमाग गेलेली माणसे तिथे राहिली ती राहिलीच. हे घर त्यांच्यापैकीच. बोलणे मराठीत, हिशेब तमिळमध्ये आणि शेजारीपाजारी सगळे ‘रायर’ म्हणून ओळखणारे. शेती ओरत्तनाडूच्या बाजूला, जिथे सरफोजीराजांनी मुक्तांबेच्या नावाने छत्र बांधले त्या परिसरात. थोडा भात, बाकी माड. १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे ‘गाजा’ चक्रीवादळ किनाऱ्यावर आले आणि त्या पट्ट्यातले लाखो माड आडवे झाले. अप्पांच्या बागेतले निम्म्याहून अधिक गेले. त्यांनी रोपे पुन्हा लावली. माड धरायला पाच-सहा वर्षे तर सहज जातात; साठी उलटल्यावर माडाची रोपे लावणारा माणूस कोणत्या हिशेबाने चालत असेल, ते ज्याचे त्यालाच ठाऊक.

या सगळ्या काळात पिकअप घरच्या बैलासारखी राबली. नारळ, केळीचे घड, खताची पोती, पेंढा, लग्नाचे पाट आणि एकदा तर शेजाऱ्यांची गाभण गाय. पुढेमागे पोलादी पाट्यांचे जुने बांधकाम, डिझेलचे इंजिन आणि हौद्याला असा एक फाळका की तो आपटल्याशिवाय लागत नाही. माणसांची ने-आण करायलाही घरात दुसरी गाडी नव्हती. गोम नेमकी तिथेच होती.

मुलगा होसूरला नोकरीला. पोंगलच्या सुट्टीत आला तो कागदावर आकृती काढूनच. मेट्टूरचे पाणी साधारणपणे १२ जूनला सुटते, मग कालव्याच्या बांधावरचा रस्ता चिखलाचा होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस. म्हणजे वर्षातले निम्मे दिवस गाडीचे पोट जमिनीला घासते. मागल्या पावसाळ्यात ती बांधावर दोनदा रुतली होती आणि दोन्ही वेळा ट्रॅक्टर बोलवावा लागला होता. त्याचे म्हणणे चूक नव्हते.

मुलीचेही चूक नव्हते. अप्पांच्या थोरल्या बहिणीला घरात सगळेच ‘अक्का’ म्हणतात. वय शहात्तर. खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर व्यायामासाठी आठवड्यातून दोनदा दवाखान्यात न्यावे लागे. पिकअपमध्ये चढायचे म्हणजे एकाने वरून ओढायचे, दुसऱ्याने खालून आधार द्यायचा. अप्पांचे स्वतःचे गुडघेही आता कुरकुरत होतेच. मुलगी फोनवर म्हणाली, “अप्पा, गाडी खाली बसवून घ्या. गावातल्या गावात वापरा. आणि शेत खंडाने देऊन टाका ना!”

शेवटचे वाक्य ती सहज बोलून गेली, पण घरात शांतता पसरली. तीन इंच वर म्हणजे शेत चालू. तीन इंच खाली म्हणजे शेत सुटले. बांधावर जाऊ न शकणारी पिकअप घेऊन अप्पा करणार काय? वाद गाडीचा म्हणून सुरू झाला होता, तो आता अप्पांच्या म्हातारपणावर येऊन ठेपला, आणि ते शब्द उच्चारायला मात्र कुणी तयार नव्हते. घराघरांत असेच होते. भांडण फाळक्यावरून चालते आणि दुखणे भलतीकडेच असते.

अखेर गाडी मिस्त्रीकडे गेली. हा मिस्त्री म्हातारा, तमिळ, बोलायला तिखट. गाडी उचलायचे प्रकार त्याने मुलाला सांगितले. पाटे आणि आस यांच्यामध्ये ठोकळा घालता येतो, लांब शॅकल लावता येतात. काही गाड्यांत पाटे आसाच्या खालून जातात, ते वर घेतले तर गाडी एकदम चार-पाच इंच उचलली जाते. पण मग मागे जाणाऱ्या शाफ्टचा कोन बदलतो, त्याचे सांधे लवकर झिजतात, ब्रेकचे पाइप ताणले जातात. मोठा टायर घातला की ब्रेकवर भार वाढतो आणि वेगाचा काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवू लागतो. गाडी खाली बसवायची तर पाटे कमी करायचे किंवा त्यांची कमान मारायची. म्हणजे पाठीवर वजन घेण्याची ताकदच कमी करायची. पोती भरली की आस वर येऊन चौकटीला धडकणार. “मालवाहू गाडी खाली बसवून काय करणार, रायर? देवळासमोर फोटो काढणार?” असे त्याने विचारले.

मुलाने तरीही उंचीचा हट्ट सोडला नाही, तेव्हा मिस्त्रीने दुकानाच्या फळीवरची बाहुली काढून त्याच्या पुढ्यात ठेवली. तंजावरची ती लाल-पिवळी, गोल बुडाची बाहुली आपल्याकडेही पुष्कळांच्या घरी शोकेसमध्ये असते. कितीही आडवी करा, ती डुलत डुलत पुन्हा उभी राहते, कारण तिचे सगळे वजन बुडाशी असते. मिस्त्रीने चिखलाचा एक गोळा तिच्या डोक्यावर थापला आणि बोटाने ढकलले. बाहुली आडवी झाली ती उठलीच नाही. बांधाच्या एका अंगाला कालवा, दुसऱ्या अंगाला खोल शेत आणि हौद्यात माथ्यापर्यंत रचलेला पेंढा. मुलगा इंजिनिअर असल्यामुळे त्याला पुढचे सांगावे लागले नाही. दोन चाकांमधले अंतर तेवढेच ठेवून वजन वर नेले की गाडी कमी कलण्यातच उलटते. पुराच्या बाबतीतही उंचीचा फार भरवसा धरू नये. दोन फूट वाहते पाणी बहुतेक मोटारींना उचलून नेते.

पेंढ्याच्या उंचीचा विषय निघाल्यावर अप्पा पहिल्यांदा बोलले. तंजावरजवळच्या कळिमेडू गावात २७ एप्रिल २०२२ च्या पहाटे उत्सवाचा रथ वरच्या विजेच्या तारेला लागला आणि ११ माणसे दगावली. रस्ता नव्याने करताना उंच झाला होता आणि तार तेवढी जवळ आली होती, अशी चर्चा तेव्हा गावोगाव झाली. अप्पा म्हणाले, “आपल्या वाटेवरही दोन ठिकाणी तारा लोंबतात. आता पेंढा भरल्यावर मी खाली उतरून बघतो, मग गाडी पुढे घेतो. अजून तीन इंच कशाला?”

कायद्याचीही बाजू होती. मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या पुस्तकात लिहिलेले, कारखान्याने ठरवलेले तपशील बदलतील असा फेरफार गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हे पुन्हा स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेसच्या तपासणीला जावे लागते, तिथे हे लपत नाही. शिवाय अपघात झाल्यास विमा कंपनी बोट ठेवणार ते याच फेरफारावर.

मुलगा म्हणाला, लोक यातूनही वाट काढतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियात मेक्सिकन वंशाच्या तरुणांना गाड्या जमिनीलगत बसवायची हौस. १९५८ मध्ये तिथे कायदा आला की चाकाच्या रिमच्या तळाखाली गाडीचा कोणताही भाग जाता कामा नये. दुसऱ्याच वर्षी रॉन अगिरे नावाच्या तरुणाने आपल्या गाडीला तेलाच्या दाबावर चालणारे पंप बसवले. एरवी गाडी खाली. पोलीस दिसला की कळ दाबायची, गाडी वर! तो कायदा २०२४ पासून रद्द झाला आहे. ही गोष्ट मिस्त्रीला इतकी आवडली की त्याने ती पुन्हा तमिळमध्ये सांगायला लावली. पण नारळाची वाहतूक करणाऱ्या गाडीला अशा पंपाचा काय उपयोग, हे मुलालाही सांगता आले नाही.

मग मिस्त्रीने जे आधीच करायला हवे होते ते केले. टेप काढली आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही बाजूंनी मोजले. मागची उजवी बाजू डावीपेक्षा दीड इंच खाली. मागचे दोन्ही पाटे जवळजवळ सपाट झालेले, उजवीकडचा एक पाटा तडकलेला, रबरी बुश खाऊन गेलेले. वर्षानुवर्षे ओझी वाहून वाहून गाडी आपली आपणच दोन-अडीच इंच खाली बसली होती! बांधावर पोट घासत होते ते त्यामुळे. गाडी जन्मतः जेवढी उंच होती तेवढीही ती आता राहिली नव्हती आणि घरातले लोक मात्र ती आणखी किती वर-खाली करावी यावर महिनाभर वाद घालत होते.

पाटे उतरवले गेले. तडकलेला बदलला, बाकीच्यांना लोहाराकडून ठोकून पुन्हा कमान आणली, बुश आणि यू-बोल्ट नवे घातले. टायर मूळ मापाचेच, पण चिखलात पकड घेणाऱ्या खोल नक्षीचे. गाडी मूळ उंचीवर आली. पंचाहत्तर हजारांचा बेत मुलाने केला होता, त्याच्या चौथ्या हिश्शात काम झाले.

राहता राहिला अक्कांचा प्रश्न, कारण आता गाडी त्यांच्यासाठी आधीपेक्षाही उंच झाली होती. मुलगी फोनवरून चिडली, ते योग्यच होते. अप्पा बहिणीपुढे जाऊन बसले. “अक्का, तुझ्यासाठी भाड्याची मोटार सांगू का दर खेपेला?”

अक्का म्हणाल्या, “माझ्यासाठी गाडी नको कापायला आणि भाडंही नको द्यायला. मला आपला एक पाट दे.”

सगळे हसले. महिनाभर घरात पाटे, पाटे चालले होते आणि म्हातारीने मागितला तो जेवायला बसायचा पाट. पण त्यांचे बोलणे थट्टेचे नव्हते. सुताराकडून रुंद बुडाची, दोन पायऱ्यांची लाकडी घडवंची करून घेतली, वर खरबरीत रबर ठोकले. दरवाज्याच्या खांबाला आतून धरायला एक मजबूत मूठ लावली. चांगला पाय आधी वर, दुखरा मागून. उतरताना दुखरा आधी, हा क्रम दवाखान्यात शिकवलेलाच होता. घडवंची हौद्यात, फाळक्याच्या आत राहते. अप्पाही आता तिच्यावरूनच चढतात. कुणी पाहत नसले तर.

शेताचे बोलणे अप्पांनी स्वतःच काढले. भाताची जमीन शेजारच्या कुटुंबाला खंडाने दिली, माडाची बाग ठेवली. भाताला रोज जावे लागते, माडाला आठवड्यातून एकदा गेले तरी चालते. पेंढा वाहायचा नसल्यामुळे तारांची भीतीही उरली नाही. मुलीला हे अर्धे पटले, अर्धे नाही.

आठवड्याच्या त्या खेपेला एकदा अक्काही बरोबर गेल्या. वादळानंतर लावलेली रोपे त्यांनी पाहिलीच नव्हती. पहिल्या घडातला एक नारळ सोलून दिला तो त्यांनी तिथेच बसून खाल्ला आणि पाणी थोडे कमी गोड आहे असे सांगितले. येताना बांधावर गाडीचे पोट कुठेही घासले नाही. चाकापासून मडगार्डपर्यंतची चारही मापे अप्पांनी हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवली आहेत; पाणी सुटायच्या आधी, दर मे महिन्यात ती पुन्हा घ्यायची आहेत.