डाकेचं विमान आणि मनगटावरचा काटा

उन्हाळ्यात अंगणात बाजेवर पडायचं आणि रात्री डोक्यावरून जाणाऱ्या विमानाची घरघर ऐकायची, हे अकोल्यातल्या एका घड्याळवेड्याचं बालपण. वडील म्हणायचे, "नागपूरले डाक चालली." ते खरंच होतं. 1949 पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली टपालाची विमानं मध्यरात्री नागपूरला जमत, थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत परतत. हा सगळा मेळ घड्याळावर बसायचा. खाली काळोख असला तरी वेगाला गेलेल्या वेळानं गुणलं की कापलेलं अंतर निघतं, आणि त्या वेळेत चूक झाली तर विमान भलतीकडेच जातं.

वैमानिकाचं घड्याळ त्याला आवडू लागलं ते यामुळे.

ब्राझीलचा वैमानिक सान्तोस-द्युमाँ याचे दोन्ही हात वायुनौका सांभाळण्यात गुंतायचे, म्हणून कार्तिएनं 1904 मध्ये त्याच्यासाठी मनगटी घड्याळ घडवलं. ब्राइटलिंगनं 1934 मध्ये क्रोनोग्राफला, म्हणजे सेकंद मोजायचा वेगळा काटा असलेल्या घड्याळाला, दुसरं बटण दिलं, त्यामुळे थांबवलेला काटा शून्यावर न नेता पुढे चालवता येऊ लागला. 1952 च्या नॅव्हीटायमरमध्ये तर डायलभोवती फिरती गणनपट्टीच आली. इंधनाचा हिशेब मनगटावरच होऊ लागला.

त्याच्या हाती मात्र आधी आलं एचएमटी पायलट. काळी डायल, ठळक आकडे, रोज चावी द्यायची. क्रोनोग्राफ त्यात नव्हता, तरी त्या नावावर तो खूश होता. आज बाजारात नव्यानं रंगवलेल्या डायलची पायलट ढिगानं मिळतात. त्यापेक्षा पिवळटलेली, ओरखडे पडलेली मूळ डायल कधीही बरी, यावर तो ठाम आहे. अमरावतीच्या घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून त्याचं घड्याळ उघडलं तेव्हा तेही हेच म्हणाले, "भाऊ, डायल ओरिजिनल हाये, याले रंग नोका लावू."

खरा क्रोनोग्राफ त्यानं पुढे नोकरीत असताना घेतला. जुनं सेइको 6139. हे मॉडेल 1969 चं, जगातल्या पहिल्या ऑटोमॅटिक क्रोनोग्राफांपैकी एक. वैमानिक-अंतराळवीर विल्यम पोग यांनी 1973 मध्ये, नासाच्या अधिकृत यादीत नसतानाही, हेच घड्याळ स्कायलॅबवर नेलं. वरचं बटण दाबलं की मधला लांब काटा टुणकन निघतो, पुन्हा दाबलं की थांबतो, खालचं दाबलं की क्षणात बारावर. अकोला ते बडनेरा प्रवासात खिडकीशी बसून, रुळालगतच्या एका किलोमीटरच्या खुणेपासून दुसरीपर्यंत तो काटा चालवायचा. 36 सेकंद लागले तर कडेच्या पट्टीवर काटा 100 वर येतो, म्हणजे गाडी ताशी 100 किलोमीटरनं धावतेय. मूर्तिजापूर जवळ आलं की आकडा उतरू लागायचा.

16 एप्रिल 2025 ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची नियमित विमानसेवा सुरू झाली. तिथली धावपट्टी 1850 मीटरची आहे. त्या सेवेच्या एटीआर विमानाची चाकं जमीन सोडायला किती सेकंद घेतात, ते त्याला आतल्या सीटवरून मोजायचंय.